मुख्य सभा भरली, क्षेत्रसभा कधी?

22 डिसेंबर 2022 रोजी पुण्यातल्या कसबा विधानसभा मतदारसंघाच्या आमदार मुक्ता टिळक यांचे निधन झाले आणि शनिवार पेठेतल्या मतदाराला एक गोष्ट ध्यानात आली. आता आपल्या वतीने बोलायला जवळजवळ कुणीच उरलेले नाही. महापालिकेतले त्याचे चार नगरसेवक मार्चमध्येच माजी झाले होते. विधानसभेतली जागा रिकामी झाली. खासदार गिरीश बापट याच पेठेत राहायचे, पण ते गंभीर आजारी होते. 26 फेब्रुवारी 2023 रोजी पोटनिवडणूक झाली, 2 मार्चला निकाल लागला आणि कसब्याला रवींद्र धंगेकर हे आमदार मिळाले. महिनाही उलटला नाही तोच, 29 मार्चला बापट गेले. मग लोकसभेची जागाही रिकामी झाली, ती थेट 4 जून 2024 पर्यंत.

लोकसभेची पोटनिवडणूक व्हावी म्हणून पुण्यातला एक मतदार उच्च न्यायालयात गेला. जागा रिकामी झाल्यावर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असे लोकप्रतिनिधित्वाचा कायदा सांगतो. सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत गुंतलो आहोत, हे निवडणूक आयोगाचे कारण मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये फेटाळले आणि निवडणूक तातडीने घ्या, असा आदेश दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. लाखो मतदारांचे शहर वर्षभराहून अधिक काळ खासदाराविना राहिले आणि त्याच काळात त्याला नगरसेवकही नव्हते.

यातले आमदार-खासदाराचे रिकामेपण मृत्यूने आले होते. नगरसेवकांचे तसे नव्हते. त्यांची मुदत कधी संपणार, हे 2017 पासून सगळ्यांना ठाऊक होते.

21 फेब्रुवारी 2017 रोजी मतदान झाले आणि पुण्याचे 162 नगरसेवक निवडून आले. शनिवार पेठ-सदाशिव पेठ या 15 क्रमांकाच्या प्रभागातून निवडून आलेल्या मुक्ता टिळक भाजपच्या पुण्यातल्या पहिल्या महापौर झाल्या. नोव्हेंबर 2019 मध्ये मुरलीधर मोहोळ महापौर झाले. 14 मार्च 2022 रोजी सभागृहाची पाच वर्षे पुरी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्त विक्रम कुमार हेच प्रशासक झाले. पुढे डॉ. राजेंद्र भोसले आले, मग नवल किशोर राम आले. अधिकारी बदलले तरी व्यवस्था तीच राहिली. पुण्यात पुन्हा महापालिकेचे मतदान झाले ते 15 जानेवारी 2026 रोजी, म्हणजे तब्बल 3 वर्षे 10 महिन्यांनी.

राज्यघटनेत याबद्दल संदिग्धता नाही. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली. तिच्यातले 243-यू हे कलम सांगते, की महापालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून एक दिवसही जास्त नाही, आणि नवी निवडणूक ही मुदत संपण्याआधी पुरी झाली पाहिजे. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये हेच ठामपणे सांगितले होते. तरीही राज्यातल्या एकेका महापालिकेचे सभागृह बंद होत गेले. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, आणि नवी मुंबई 2020 च्या उन्हाळ्यापासून. कोल्हापूर आणि कल्याण-डोंबिवली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर 2022 च्या मार्चपासून. इचलकरंजीला 2022 मध्ये महापालिकेचा दर्जा मिळाला, पण पहिले निवडून आलेले सभागृह मिळायला 2026 उजाडावे लागले.

कारण सांगितले गेले ते इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे, आणि ते खोटे नव्हते. 4 मार्च 2021 रोजी विकास गवळी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. स्वतंत्र आयोग, त्याने गोळा केलेली आकडेवारी आणि एकूण 50 टक्क्यांची मर्यादा, या तिन्ही कसोट्या पुऱ्या झाल्याशिवाय स्थानिक संस्थांत हे आरक्षण देता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. आकडेवारी वेळेत गोळा झाली नाही. मार्च 2022 मध्ये, मुदत संपत असतानाच, प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारने स्वतःकडे घेतला. आरक्षणाच्या आकडेवारीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि जुलै 2022 मध्ये न्यायालयाने तो स्वीकारला. ऑगस्टमध्ये, सत्तांतरानंतर आलेल्या नव्या सरकारने प्रभागांची जुनी रचना परत आणली. त्याच महिन्यात 'जैसे थे'चा आदेश झाला आणि मग तारखांमागून तारखा पडत राहिल्या. अखेर 6 मे 2025 रोजी न्यायालयाने निवडणुका घ्या, असे बजावले. सप्टेंबरमध्ये शेवटची मुदत दिली 31 जानेवारी 2026 ची.

आरक्षणाचा प्रश्न सामाजिक न्यायाचा होता आणि तो नीटच सुटायला हवा होता. मात्र आयोग नेमायला, माहिती गोळा करायला, कायदा करायला 2021 पासून कुणाचे हात बांधलेले नव्हते. महाविकास आघाडी आणि महायुती ही दोन्ही सरकारे या काळात सत्तेवर होती, आणि दोघांनाही महापालिका प्रशासकाच्या हातून सोडवण्याची फारशी घाई झालेली दिसली नाही. शहराचा कारभार आयुक्तामार्फत मंत्रालयातून चालवणे सोयीचे पडते, हे इथे स्पष्ट म्हणायला हवे.

त्यात प्रभागांच्या रचनेचा गोंधळ. पुणेकरांनी 2002 मध्ये तीन सदस्यांच्या प्रभागात मतदान केले, 2007 मध्ये एका, 2012 मध्ये दोन आणि 2017 मध्ये चार. 2022 साठी पुन्हा तीन सदस्यांचे 58 प्रभाग आणि 173 जागा आखल्या गेल्या. नकाशे निघाले, हरकती झाल्या आणि ते सगळे रद्द झाले. 2026 मध्ये 41 प्रभाग आणि 165 जागा आल्या. शनिवार पेठेचा सदाशिव पेठेशी असलेला जोड तुटला आणि पेठ महात्मा फुले मंडईबरोबर 25 क्रमांकाच्या प्रभागात गेली. पेठेतल्या मेहुणपुऱ्यात तीस वर्षे राहणाऱ्या माणसाला घर न बदलता आपला प्रभाग सतत बदलताना दिसतो. आपला नगरसेवक कोण, हे लोकांना माहीत नसते अशी तक्रार नेहमी केली जाते. हे पाहिल्यावर त्याचा दोष लोकांवर टाकणे अवघड आहे.

शनिवारवाड्याकडून नव्या पुलावरून मुठा ओलांडली की समोर महापालिका. 1923 मध्ये खुला झालेला हा पूल कागदोपत्री छत्रपती शिवाजी पूल आहे, पण शंभर वर्षांनंतरही पेठांत त्याला नवा पूलच म्हणतात. इतक्या जवळ राहणाऱ्यांना प्रशासकराजात काय गमावले असे वाटले? पाणी येत होते. कचऱ्याची गाडी येत होती. दिवे लागत होते. नगरसेवक नसल्याने कामे उलट लवकर होतात, चौकाचौकातले फ्लेक्स कमी झाले, असेही पुष्कळ जण म्हणत. त्या म्हणण्यात तथ्य आहे. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या 'स' यादीतला पैसा बाकड्यांवर, कापडी पिशव्यांवर, स्वागतकमानींवर कसा गेला, हे पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. प्रशासकाच्या काळाविषयी लिहिताना ते लपवून चालणार नाही.

गमावले होते ते दुसरेच. महापालिकेचे अंदाजपत्रक आयुक्त मांडतो. मग 16 सदस्यांची स्थायी समिती त्याची चिरफाड करते आणि शेवटी मुख्य सभा ते मंजूर करते. प्रशासकाच्या काळात ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे होती. 2023-24 चे अंदाजपत्रक 9,515 कोटींचे, 2024-25 चे 11,601 कोटींचे आणि 2025-26 चे 12,618 कोटींचे. तीन वर्षांचे मिळून सुमारे 33 हजार 700 कोटी रुपये आयुक्ताने मांडले आणि त्यानेच मंजूर केले. या आकड्यांवर एकाही निवडून आलेल्या सदस्याने सभागृहात उभे राहून प्रश्न विचारला नाही, कारण विचारायला सभागृहच नव्हते. या काळातले अधिकारी प्रामाणिक होते की नव्हते, याच्याशी या मुद्द्याचा संबंध नाही. प्रामाणिक अधिकाऱ्यालाही उघड्या सभेत उत्तर द्यावे लागते, तेव्हा त्याचे टिपण अधिक काळजीपूर्वक तयार होते. नगरसचिवांच्या इतिवृत्तात त्या उत्तराची नोंद राहते आणि दहा वर्षांनी ती कुणीही काढून दाखवू शकतो.

मिळकतकराची गोष्ट घ्या. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला पुण्यात 1970 पासून 40 टक्के सवलत होती. ती 2018 नंतर अडचणीत आली, हजारो लोकांना वाढीव बिले आली, आणि 2023 मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा सुरू केली. पण ती आपोआप मिळणार नव्हती. पीटी-3 नावाचा अर्ज भरायचा, त्याला सोसायटीचे ना-हरकत पत्र किंवा राहत असल्याचा पुरावा जोडायचा, आणि क्षेत्रीय कार्यालयात किंवा पेठ निरीक्षकाकडे नेऊन द्यायचा. नोव्हेंबरअखेर मुदत. पेठांतल्या वाड्यांमध्ये आणि जुन्या इमारतींमध्ये सोसायटी नोंदलेली नसते, मिळकत आजोबांच्या नावावर असते, चार भावांत एक बिल येते. अशा घरातल्या एकट्या वृद्ध बाईने काय जोडावे? एरवी हा प्रश्न नगरसेवकाच्या जनसंपर्क कार्यालयात सुटला असता आणि तिथे सुटला नसता तर मुख्य सभेत गाजला असता. त्या वर्षी ज्याच्या ओळखी होत्या त्याचे काम झाले. ज्याला ओळख नव्हती, तो रांगेत उभा राहिला. माजी नगरसेवकांनी मदत केली, अनेकांनी मनापासून केली. पण त्यांच्या सहीला वजन नव्हते.

शनिवारवाड्याच्या भोवतालचे दुखणे याहून जुने आहे. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. 2010 च्या केंद्रीय कायद्याने ही बंदी पक्की केली. त्यामुळे शनिवार आणि कसबा पेठेतले कित्येक वाडे ना धड दुरुस्त होतात ना नव्याने उभे राहतात. भिंतींना टेकू लावून लोक राहतात. हा कायदा बदलणे नगरसेवकाच्या हातात नाही, ते काम दिल्लीतले. पण कोणता वाडा धोकादायक झाला, पावसाळ्यात कुणाला हलवायचे, भाडेकरूचे काय, हे जिन्यापर्यंत जाऊन पाहणारा माणूस लागतो आणि तो मतांसाठी पुन्हा त्याच जिन्यावर येणारा असावा लागतो.

सगळ्यात मोठी किंमत मात्र पेठांनी नव्हे, गावांनी मोजली. 30 जून 2021 रोजी 23 गावे पुणे महापालिकेत आली आणि क्षेत्रफळाने ती राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. ग्रामपंचायती गेल्या, सरपंच गेले आणि नगरसेवक यायला साडेचार वर्षे लागली. तोवर कर महापालिकेचा आणि पाणी टँकरचे, अशी अनेक ठिकाणची स्थिती होती. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव आणि किरकटवाडीच्या परिसरात गिया-बारे सिंड्रोम (जीबीएस) या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. दोनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि पाणी दूषित असल्याचा संशय विहिरींवर, टँकरवर गेला. पाण्याबद्दल लोक आधीपासून तक्रारी करत होते, पण त्या मांडायला त्यांचा एकही निवडून आलेला माणूस महापालिकेत नव्हता.

सभागृह नसले की लोक गप्प बसतात असेही नाही. मुळा-मुठा नदीकाठ विकास प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधानांनी 6 मार्च 2022 रोजी केली आणि त्यानंतर आठच दिवसांत सभागृहाची मुदत संपली. 44 किलोमीटर नदीकाठाचे रूप बदलणारे काम त्यानंतर प्रशासकाच्या सहीने पुढे गेले. 29 एप्रिल 2023 च्या संध्याकाळी 'चलो चिपको' म्हणत पुणेकर झाडांसाठी नदीकाठी उतरले. त्याच महिन्यात वेताळ टेकडीसाठी मोठा मोर्चा निघाला. लोक रस्त्यावर आले, न्यायालयात गेले, हरित न्यायाधिकरणाकडे गेले. प्रकल्पाच्या बाजूने आणि विरोधात दोन्हीकडे सांगण्यासारखे मुद्दे होते. ते समोरासमोर मांडण्याची हक्काची जागा तेवढी बंद होती.

या जागेसाठी पुण्याने पूर्वी फार झगडून हक्क मिळवला आहे. 1857 मध्ये नगरपालिका स्थापन झाली तेव्हा सभासद सरकार नेमत असे. महात्मा फुले 1876 पासून काही वर्षे असेच नेमलेले सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे त्यांनी सांगितले आणि 32 सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांनी दिले. सरकारने नेमलेला माणूस सरकारच्या विरोधात उभा राहिला तो त्यांच्या स्वभावामुळे. व्यवस्थेने तशी मुभा दिली होती म्हणून नव्हे. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव 18 मे 1882 चा. त्यानंतर निवडून येणारे सभासद वाढत गेले. लोकमान्य टिळक 1895 मध्ये नगरपालिकेत आले, विसाव्या शतकाच्या आरंभी गोपाळ कृष्ण गोखले तिचे अध्यक्ष होते, पुढे न. चिं. केळकर झाले. 15 फेब्रुवारी 1950 रोजी महापालिका झाली. त्या परंपरेचा आजचा उपयोगही डोळ्यांसमोर आहे. गिरीश बापट 1983 पासून नगरसेवक होते, मग कसब्याचे पाच वेळा आमदार झाले. मुक्ता टिळक, धंगेकर, मोहोळ, आताचे आमदार हेमंत रासने हे सगळे महापालिकेतूनच आलेले. चार वर्षे ही शाळा बंद राहिली म्हणजे तेवढी वर्षे नवे कार्यकर्ते घडायचे थांबले.

16 जानेवारी 2026 रोजी मतमोजणी झाली आणि भाजपला स्पष्ट बहुमत मिळाले. निम्म्या जागा महिलांच्या. सभागृह परत आले, ही आनंदाचीच गोष्ट. पण पाच वर्षांतून एकदा चार बटणे दाबली की नागरिकाचे काम संपले, अशी जी सवय लागली आहे, तिच्याबद्दल आताच बोलले पाहिजे.

पुण्याला याबाबतीत सांगण्यासारखे काही आहे. 2006 मध्ये आयुक्त नितीन करीर यांच्या काळात महापालिकेने अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घ्यायला सुरुवात केली. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 पासून हा मार्ग दाखवला होता. तिथे वस्त्यांच्या सभा भरत, लोक भांडत, कामांचा क्रम ठरवत. पुण्यात त्याचे रूप एका अर्जाचे झाले. क्षेत्रीय कार्यालयातून तो घ्यायचा, कामाचे नाव, नेमके ठिकाण आणि प्रभाग लिहायचा, आणि खर्च 5 लाखांच्या आत बसेल असे काम सुचवायचे. पदपथाची दुरुस्ती, दिव्याचा खांब, बसथांब्याचे छप्पर, ड्रेनेजचे झाकण. खिडकीतला कारकून पोच देतो. पुढे काम प्रभाग समितीत मंजूर होते किंवा वगळले जाते. वगळले तर का, हे अर्जदाराला बहुधा कळत नाही, आणि शेजारच्याने काय सुचवले हेही कळत नाही. अर्ज आला, पण भांडायला आणि समजून घ्यायला लावणारी सभा आली नाही.

माहितीच्या बाबतीत पुण्याने याहून चांगले करून दाखवले आहे. सजग नागरिक मंचाच्या पाठपुराव्यामुळे महापालिकेने दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अर्जाशिवाय फायली पाहू द्यायला सुरुवात केली. 2018 मध्ये राज्य सरकारने हीच पद्धत राज्यभरातल्या स्थानिक संस्थांसाठी लागू केली. प्रशासकाच्या काळात ज्यांनी आकडे बाहेर काढले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी फाइल कशी वाचायची हे अशा सोमवारीच शिकून घेतले होते.

आणि कायद्यात तर आणखी मोठी तरतूद पडून आहे. 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आली. मतदान केंद्रांच्या छोट्या गटातले सगळे मतदार हेच या सभेचे सभासद. नगरसेवकाने ती भरवायची, दोन वर्षांत किमान चार वेळा. लोकांनी कामे सुचवायची, त्यांचा क्रम लावायचा, झालेल्या कामांचा हिशेब विचारायचा. गावात ग्रामसभा असते, तशी ही शहराची. राज्यात ती कागदावरच राहिली. क्षेत्रे ठरली नाहीत, आणि चार नगरसेवकांच्या प्रभागात सभा कुणी बोलवायची हाही पेच आहे. प्रभाग समितीत स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी घेता येतात, पण त्या जागा पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावायला वापरल्या जातात, ही तक्रार जुनीच आहे.

शनिवार पेठेत क्षेत्रसभा भरवायला जागा शोधावी लागणार नाही. रमणबाग आहे, अहिल्यादेवी शाळा आहे, ओंकारेश्वराचे आवार आहे. गणेशोत्सवात याच गल्ल्यांतली मंडळे वर्गणीपासून मिरवणुकीच्या क्रमापर्यंत सगळे बसून ठरवतात, वाद घालतात आणि हिशेब छापतात. प्रभाग 25 च्या चार नगरसेवकांनी एकत्र बसून पेठेपुरती क्षेत्रे वाटून घेतली आणि तारखा जाहीर केल्या, तर कोणताही नियम त्यांना अडवणार नाही. पहिल्या सभेपुढे विषयही तयार आहेत: पडायला आलेल्या वाड्यांची यादी, नदीकाठच्या कामाची सद्यःस्थिती, शनिवारवाडा ते स्वारगेट भुयारी मार्गाची चर्चा, आणि नागरिकांनी गेल्या वर्षी सुचवलेल्या कामांपैकी कोणती झाली.

आताच्या सभागृहाची मुदत 2031 च्या सुरुवातीला संपेल. प्रभागरचना, आरक्षणाची सोडत आणि मतदारयाद्या 2030 मध्येच पुऱ्या झाल्या तरच घटनेप्रमाणे वेळेत मतदान होईल. ते काम राज्य सरकारने सुरू केले की नाही, हे विचारण्याची तारीख पेठेतल्या लोकांनी आत्तापासून लिहून ठेवायला हवी, आणि ते विचारायला तोवर एक-दोन क्षेत्रसभा भरलेल्या असाव्यात.